'सर्व' हा शब्द अनिश्चित कसा?

शाळेत संख्याविशेषणांचे पाच प्रकार पाठ केलेले आठवतात? गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि शेवटी अनिश्चित. या शेवटच्या डब्यात 'सर्व', 'काही', 'थोडे', 'इतर' अशी मंडळी एकत्र कोंबलेली असतात. मार्कांपुरतं मीही ते घोकलं. आता माझी तक्रार या डब्याबद्दलच आहे.

'सर्व' अनिश्चित का? तर 'सर्व मुले' म्हटल्यावर मुलं चार की चारशे ते कळत नाही म्हणून. खरंय. पण 'सर्व' हा शब्द 'किती?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलेलाच नाही. 'कोणी उरलं का?' याचं उत्तर तो देतो, आणि ते अगदी नेमकं असतं: शून्य. एक मूल बाहेर राहिलं तरी वाक्य खोटं. इतकी जोखीम अंगावर घेणाऱ्या शब्दाला 'थोडे'च्या शेजारी बसवणं मला अन्याय वाटतो.

तर्कशास्त्रात अशा शब्दांना संख्यापक म्हणतात. गॉटलोब फ्रेग या जर्मन गणितज्ञानं १८७९ मध्ये त्यांची नवी मांडणी केली. 'सर्व माणसं मर्त्य आहेत' हे वाक्य त्या मांडणीत असं होतं: काहीही घ्या, ते माणूस असेल तर ते मर्त्य आहे. म्हणजे 'सर्व' ऐकणाऱ्याच्या हातात आव्हान देतो: घे कुठलंही, दाखव अपवाद. (गणिताच्या फळ्यावरचा तो उलटा 'ए' बराच नंतरचा, १९३५ मधला, गेन्ट्झेनचा.)

हे मला पुस्तकात कळलं त्यापेक्षा पुण्यात खोली शोधताना जास्त कळलं. एका घरमालकांनी दारातच सांगितलं, "बॅचलर पोरं रात्री धिंगाणा घालतात. आम्ही देत नाही."

"काका, मी दहाला झोपतो."

"तू असशील वेगळा. पण बॅचलर पोरं धिंगाणा घालतात."

परत येताना बसमध्ये लक्षात आलं की काकांनी 'सगळी' म्हटलंच नव्हतं. म्हटलं असतं, तर त्यांचं वाक्य पाडायला मी एकटा पुरेसा होतो. त्यांनी संख्यापकच गाळला, आणि वाक्य अपवादांना पुरून उरलं. 'कुत्री भुंकतात' हे एखादं मुकं कुत्रं दाखवून खोटं ठरत नाही, तसंच. मुली अशाच असतात, अमक्या गावची माणसं चिकट असतात, तमक्या जातीचे लोक तसलेच. ही सगळी वाक्यं याच पळवाटेवर जगतात. तर्कशास्त्राच्या प्राथमिक धड्यांत अशा वाक्याला गुपचूप 'सर्व' चिकटवून पुढे जातात. इथं माझं तर्कशास्त्राशीही भांडण आहे. बोलणाऱ्यानं जी जबाबदारी शिताफीनं टाळली, ती आपण त्याच्या वतीनं का घ्यायची? आधी त्याला विचारायला हवं: सगळी? बहुतेक? की वरच्या मजल्यावरची दोघं?

'काही'चं प्रकरण वेगळं. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे निदान एक, मग सगळे असले तरी हरकत नाही. घरी मात्र 'काही मुलं पास झाली' म्हणालात, तर आई लगेच विचारेल, "नापास कोण झालं?" पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाचं यावरचं उत्तर मला पटतं: 'सगळे नाहीत' हा त्या शब्दाचा अर्थ नाही, तो ऐकणाऱ्यानं काढलेला अंदाज आहे. पुरावा साधा आहे. 'काही मुलं पास झाली, खरं तर सगळीच झाली' असं म्हणता येतं आणि विसंगत वाटत नाही.

पण मराठीत 'काही' आणखी एक काम करतो, ज्याची नोंद त्या डब्यात नाही. 'सगळे वाईट नसतात' हे वाक्य दोन्ही तऱ्हांनी ऐकू येऊ शकतं: एकही वाईट नसतो, किंवा काही असतात नि काही नसतात. आता म्हणा, 'सगळेच काही वाईट नसतात.' दुसराच अर्थ उरतो. हा 'काही' कशाचीच मोजदाद करत नाही, तो फक्त नकाराची हद्द ठरवतो. 'प्रत्येकाला कोणीतरी आवडतं' यातही असाच घोळ आहे. सगळ्यांचा जीव एकाच हिरोवर, की ज्याचं त्याचं माणूस वेगळं? फ्रेगच्या लिपीत हे दोन अर्थ वेगवेगळे लिहिता येतात. आपण नुसतं 'कोणी ना कोणी' म्हणतो आणि ज्याचं त्याचं माणूस वेगळं होतं.

व्याकरणानं असं काही पाहिलंच नाही असंही नाही. 'मुलांनी एक लाडू खाल्ला' आणि 'मुलांनी एकेक लाडू खाल्ला' यांतला फरक हेरून त्यानं 'एकेक'ला पृथक्त्ववाचक असं स्वतंत्र घर दिलं. इतकी बारीक नजर असताना 'सर्व'च्या वेळी कंटाळा केला, याचंच जास्त वाईट वाटतं.

खोली शेवटी मिळाली, दुसऱ्या एका काकांकडे. "सगळीच पोरं काही तशी नसतात," ते म्हणाले. मी खूश झालो. मग म्हणाले, "पण डिपॉझिट मी सगळ्या बॅचलरांकडून दुप्पट घेतो." त्या 'सगळ्या'त अपवाद शोधायचा मी बराच प्रयत्न केला. नव्हता.