‘माजी सैनिक’ : गौरवाचा शब्द की निदानाचा?

अमेरिकेच्या फौजदारी न्यायव्यवस्थेत गेल्या दोन दशकांत ‘माजी सैनिक उपचार-न्यायालय’ ही नवी संस्था रूढ झाली आहे. अलास्कातील अँकोरेज येथे २००४ मध्ये तसा प्रयत्न झाला होता. तथापि पुढे अन्य राज्यांनी जो नमुना स्वीकारला तो न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी २००८ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे सुरू केलेल्या न्यायालयाचा होय. या संस्थेच्या सर्व गुणदोषांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. ज्या एका शब्दाने तिचे दार उघडते किंवा बंद होते, त्या शब्दाच्या अर्थाची चिकित्सा येथे करावयाची आहे.

कार्यपद्धती थोडक्यात अशी : आरोपीची संमती असल्यास त्याला तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार दिले जातात. मानसोपचार, व्यसनमुक्ती, मादक द्रव्यांच्या चाचण्या आणि एकाच न्यायाधीशासमोर वारंवार हजेरी, असा हा क्रम असतो. तो पुरा झाला म्हणजे आरोप मागे घेतले जातात अथवा शिक्षा सौम्य होते. ही चौकट १९८९ मध्ये मायामी येथे स्थापन झालेल्या मादकद्रव्य-न्यायालयाची आहे. तिच्यात भर पडली ती ‘माजी सैनिक’ या अटीची आणि स्वतः सैन्यात राहिलेल्या स्वयंसेवी मार्गदर्शकाची.

सैनिकासाठी ही निराळी वाट का असावी? त्याने देशाची सेवा केली म्हणून, किंवा त्या सेवेत त्याचे मन घायाळ झाले म्हणून. पहिले उत्तर ऋणाचे आहे, दुसरे कार्यकारणाचे. ‘पोर्टर विरुद्ध मॅकॉलम’ या २००९ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही कारणे शेजारी शेजारी मांडली. पोर्टर कोरियाच्या युद्धात लढला होता आणि त्या युद्धाचा परिणामही त्याच्या मनावर झाला होता. त्यामुळे तेथे दोहोंचा विरोध उद्भवला नाही. प्रत्येक आरोपीच्या बाबतीत मात्र ही दोन कारणे एकत्र नांदतातच असे नाही.

अडचण नेमकी येथे आहे. मराठीतील ‘माजी सैनिक’ हा शब्द केवळ गतकाळ सांगतो. ‘व्हेटरन’ या शब्दाला मात्र अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने एक अट जोडली आहे : सेवामुक्ती अप्रतिष्ठेची नसावी. सेवामुक्तीच्या दाखल्यावरील शेरे पाच प्रकारचे असतात. पूर्ण सन्मानापासून अप्रतिष्ठेपर्यंत ते उतरत जातात. मधल्या प्रतिकूल शेऱ्यांमुळेही शासकीय उपचार दुरावू शकतात, आणि काही उपचार-न्यायालयांचे दारही. परिणामी रणभूमी न पाहिलेला परंतु सन्मानाने निवृत्त झालेला मनुष्य आत येऊ शकतो. युद्धावरून विदीर्ण मनाने परतलेला, त्या विकारापायी मद्यपी झालेला आणि म्हणून बडतर्फ झालेला मनुष्य बाहेर राहू शकतो. ज्या लक्षणांसाठी उपचार हवेत, तीच लक्षणे उपचाराच्या आड येतात.

शासनाला हे कळत नाही असे नव्हे. आघातोत्तर तणाव-विकार निदान-पुस्तिकेत आला तो १९८० मध्ये, म्हणजे व्हिएतनामचे युद्ध संपल्यानंतर. त्या युद्धातील सैनिकांचे शेरे या विकाराच्या संदर्भात उदारपणे पुन्हा तपासावेत, असा आदेश संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी २०१४ मध्ये दिला. शेरा हा निदानाच्या अज्ञानातून लिहिला गेलेला असू शकतो, याचीच ती कबुली होती.

गौरवाचा शब्द टाकून द्यावा काय? तसेही म्हणता येणार नाही. बफेलोच्या न्यायालयाचा उगम असा सांगतात की, न्यायाधीशांपुढे मूक राहिलेला एक आरोपी न्यायालयातील दोन माजी सैनिकांशी बोलल्यावर मोकळा झाला. तेथे काम केले ते सामाईक भाषेने, आणि त्या भाषेत अभिमानाचा अंश निःसंशय होता. परंतु उपचारात अभिमान जागवणे वेगळे आणि उपचाराच्या प्रवेशासाठी त्याचा दाखला मागणे वेगळे. पहिले वैद्याचे काम, दुसरे द्वारपालाचे. ज्या न्यायालयाच्या नावात ‘उपचार’ हा शब्द आहे, त्याने प्रवेशाचा निकष घावावरून ठरवावा, शेऱ्यावरून नव्हे. अन्यथा नावातील दोन शब्दांपैकी एक दुसऱ्याला खोटे पाडीत राहील.