एकाच घटनेची चार रूपे : माध्यमांतराविषयी एक स्वपरीक्षण

आशय आधी सिद्ध होतो आणि मग त्याला साजेसे माध्यम शोधले जाते, अशी एक समजूत आपल्या समीक्षेत सहसा तपासली न जाता वावरत असते. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे तिच्याच आधाराने लिहीत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपावर त्याने आधी कथा, मग श्रुतिका, पुढे एकांकिका आणि शेवटी माहितीपट अशी चार कामे केली. स्वतःच्या कृतींविषयी लिहिताना समर्थनाचा मोह होतो. म्हणून येथे त्यांच्या यशापेक्षा त्या कोठे अडल्या हेच पाहावयाचे आहे.

कथेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे लातूरकडच्या बोलीत, ही त्या काळातील रूढ सोय तिने निमूटपणे स्वीकारली होती. वास्तविक याच जिल्ह्यातील काटगावला जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांनी १९७१ मध्येच ‘पाचोळा’त संपूर्ण निवेदन एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडी देऊन ही सोय मोडीत काढली होती. आम्ही ती कादंबरी वर्गात शिकवली, आणि लिहायला बसलो तेव्हा विसरलो.

श्रुतिकेच्या वेळी खरी अडचण उभी राहिली. नभोवाणीवर काहीही घडायचे तर ते ऐकू यावे लागते. घर कोसळल्याचा आवाज हवा म्हणून आम्ही पत्र्याच्या डब्यात खडी ओतून तो ध्वनिमुद्रित केला. परिणाम उत्तम साधला, निदान नांदेडच्या श्रोत्यांना तसे वाटले. पुढे किल्लारी भागातील एका वृद्धेला तो ऐकवला, तेव्हा ती म्हणाली, “दगडाचा आवाज कुटला? आदी माती आली तोंडात.” तिचे म्हणणे वास्तुरचनेच्या दृष्टीनेही अचूक होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद, ही तेथील घरांची रीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. ज्याला आम्ही ‘घटना’ म्हणून कालक्रमात मांडत होतो, ती आतल्या माणसाला घटना म्हणून दिसलीच नव्हती. आमची श्रुतिका गावाबाहेर उभे राहून ऐकलेली होती.

एकांकिकेने हा दोष दूर करण्याऐवजी वाढवला. प्रयोगात भिंत पडत असे आणि त्या क्षणी प्रेक्षागृहातून टाळी येत असे. टाळी नेपथ्यकाराला होती हे खरे. परंतु सुमारे आठ हजार मृत्यूंची सरकारी नोंद असलेल्या त्या पहाटेचे रूपांतर कौशल्याच्या प्रात्यक्षिकात झाले होते, आणि ती टाळी ऐकून संहितालेखक विंगेत सुखावला होता, हेही तितकेच खरे.

लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’मध्ये शिल्प-चित्राचे क्षेत्र अवकाश आणि काव्याचे क्षेत्र काल, अशी वाटणी केली. आमच्या अपयशाचा अन्वय या सूत्राने लावण्याचा प्रयत्न मी एका परिसंवादात केला होता: प्रत्येक माध्यमाच्या मर्यादा असतात, त्या ओलांडल्या की कृती फसते. आज हे उत्तर मला पळवाट वाटते. लेसिंगच्या मांडणीत कवी आणि शिल्पकार दोघांनाही लाओकूनची कथा ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो फक्त मांडणीचा. आम्हांला मात्र विषय ठाऊकच नव्हता. आणि तो ठाऊक असल्याचा आभास प्रत्येक नव्या माध्यमाने अधिक पक्का केला.

माहितीपटासाठी गेलो तेव्हा ढिगारे उरले नव्हते. ५२ गावे नव्या जागी वसली होती: आखीव रस्ते, सिमेंटची घरे. कॅमेऱ्याला आवडेल असे तेथे काही नव्हते. तीच वृद्धा बोलायला तयार झाली. ध्वनिग्रहणात दोष राहिल्यामुळे तिला सर्व पुन्हा सांगावयाची विनंती करावी लागली. (ही विनंती किती सहज केली, याची आज लाज वाटते.) तिने सांगितले, आणि जवळजवळ शब्दशः तेच सांगितले. थांबण्याच्या जागा त्याच, मुलाचे नाव घेण्याआधी पदर सारखा करणेही तेच. अधिकारी, पत्रकार, स्वयंसेवक, नातलग, सर्वांना सांगून सांगून तिच्या निवेदनाला एक घट्ट आकृतिबंध आला होता. ज्याला आम्ही कच्चा ऐवज समजत होतो, ती आधीच एक पूर्ण कृती होती. तिची पहिली श्रोती ती स्वतः होती, आणि तिला भिंत पाडून दाखवण्याची गरज पडली नव्हती.

संकलनात आम्ही तिचे दुसरे कथन ठेवले आणि त्यातील थांबे कापले. माहितीपट आटोपशीर झाला.

अलीकडे त्या पहिल्या कथेच्या पुनर्मुद्रणासाठी विचारणा झाली. निवेदन बोलीत आणावे म्हणून कागद पुढे घेतले. पहिल्याच परिच्छेदात दगडांच्या गडगडाटाचे साडेतीन ओळींचे वर्णन आहे. ते खोडले. त्या जागी काय लिहावे हे अद्याप ठरलेले नाही. कथा तशीच टेबलावर आहे.