घरगुती फजितीचे वाङ्मय

मराठी मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून एक लेखप्रकार गेली कित्येक वर्षे नेमाने येत आहे. टीकाकारांनी त्यास अद्याप वेगळे नाव दिलेले नाही. आपण त्यास घरगुती फजितीचा लेख म्हणू. त्याचा सांगाडा वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. रविवार उजाडतो. घरातील एखादे रेंगाळलेले काम आज आपल्या हातांनी उरकावयाचे, असा गृहस्थ संकल्प सोडतात. नळाचा वायसर बदलावयास जावे तो नळच हातात येतो. पाणी पुसावयास घेतलेले फडके नेमके पत्नीचे नवे पातळ निघते. इतक्यात दूध उतू जाते आणि दारात पाहुणे उभे राहतात. दिवेलागणीच्या सुमारास कोणी कारागीर येऊन पाच मिनिटांत काम उरकतो आणि दिवसाची मजुरी घेऊन जातो. वाचक हसतो व पान उलटतो.

हा प्रकार हलका म्हणून त्याची चिकित्सा करावयाची नाही, हा रिवाज आम्हांस मान्य नाही. सुशिक्षित मध्यम वर्ग स्वतःच्या घराकडे कोणत्या नजरेने पाहतो, घरात काही बिघडले असता ते कोणी निस्तरावे असे तो गृहीत धरतो, हे त्याच्या गंभीर कादंबऱ्यांपेक्षा या हलक्या लेखांतूनच अधिक स्वच्छ दिसते. गंभीर लेखनात मनुष्य सावध असतो. विनोदात तो नकळत खरे बोलून जातो.

या प्रकाराचा जन्म रविवाराशी निगडित आहे. आपल्या जुन्या घरांत सण होते, एकादशी होती, अमावास्या होती. परंतु सहा दिवस दुसऱ्याची चाकरी करून सातव्या दिवशी घरी रिकामा बसलेला पुरुष नव्हता. तो कचेऱ्यांनी निर्माण केला. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना तर रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० साली मिळाली. सुट्टी आली, तेव्हा सहा दिवस परका असलेला गृहस्थ एक दिवस घरचा झाला आणि घरातल्या वस्तूंशी त्याची गाठ पडली. त्या गाठीतून फजिती निघाली व फजितीतून लेख निघाला.

मराठी विनोदाने घरात पाऊल टाकण्यास मात्र काही काळ घेतला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने १९१० साली ग्रंथरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांची स्वारी घराबाहेरच अधिक रमते. कोल्हटकरांचा रोख रूढींवर आणि सार्वजनिक दांभिकतेवर होता. माजघरापर्यंत विनोद नेला तो चिंतामण विनायक जोशी यांनी. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले, आणि चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, त्यांची मुले व सोटा घेऊन वावरणारे गुंड्याभाऊ ही मंडळी महाराष्ट्राच्या घराघरांत आप्तांसारखी वावरू लागली. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात त्यांस पडद्यावर आणले. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्यांस नव्या पिढीपुढे उभे केले. इतका दीर्घ काळ टिकणारी फजिती केवळ प्रसंगांच्या गमतीवर टिकत नाही.

ती टिकली याचे कारण आमच्या मते असे की, चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतात आणि सांगताना स्वतःस सूट देत नाहीत. संकट आभाळातून पडत नाही. ते त्यांच्या भिडस्तपणातून, पोकळ आत्मविश्वासातून, चारचौघांत शोभून दिसण्याच्या हौसेतून निघते. दुसरे असे की, त्या संकटाचा धक्का घरातील ज्या ज्या माणसास बसतो त्यास चेहरा आहे. काऊ ही नवऱ्याच्या गमतीसाठी योजलेली बाहुली नाही. तिला मत आहे, राग आहे आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब आहे. चिमणरावांच्या घरी एखादी वस्तू मोडली तर ती पुन्हा घेणे किती अवघड आहे, हे वाचकास न सांगता कळते. म्हणून आपण हसतो त्या हसण्यात थोडी काळजीही मिसळलेली असते.

या ठिकाणी जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकातील पॉजरकाकांचे चित्र टांगण्याचे प्रकरण हे या साऱ्या लेखप्रकाराचे एक मूळपीठच म्हणावयाचे. एक खिळा ठोकण्यासाठी पॉजरकाका सारे घर कामास लावतात. कोणी शिडी धरतो, कोणी दिवा, कोणी हरवलेली हातोडी शोधतो. मध्यरात्री चित्र वाकडेतिकडे टांगले जाते, आणि काकांखेरीज सर्वजण थकून गेलेले असतात. परंतु या प्रकरणातील खरे मर्म आम्हांस मारियाकाकूंच्या बोलण्यात दिसते. पुढच्या खेपेस खिळा ठोकावयाचा असेल तर आधी सांगावे, म्हणजे तेवढे दिवस आपण आईकडे जाऊन राहू, अशा आशयाचे त्या बोलतात. साऱ्या गोंधळाची किंमत कोणी दिली ते या एका बोलण्यात उघड होते. जेरोमने ते वाक्य गाळले असते तरी प्रकरण हास्यकारक झालेच असते. मात्र ते आजच्याइतके खरे झाले नसते.

पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ सालच्या पुस्तकात हीच फजिती एका घरातून काढून साऱ्या चाळीची केली. चाळकऱ्यांचे भ्रमणमंडळ असो की वजन उतरविण्यासाठी आरंभलेला उपास असो, तेथे एकाची गडबड ही सर्वांची गडबड होते. शेजाऱ्यांच्या सल्ल्यांनी संकट वाढते हे खरे. परंतु संकट वाटून घेतलेही जाते. चाळी ओसरल्या, बंद दारांच्या सदनिका आल्या, आणि फजितीचा हा वाटेकरी नाहीसा झाला, हे त्या पुस्तकाच्या आजच्या वाचकास चटकन जाणवते.

यानंतरच्या अनुकरणकारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अपघातांची संख्या वाढविली की विनोद वाढतो, असा त्यांचा समज झालेला दिसतो. नळ, दूध, पाहुणे, मांजर आणि सासरे एकाच सकाळी एकत्र आणले की लेख झाला! संकटे स्वभावातून न येता यादीतून येऊ लागली; पत्नी केवळ ओरडण्यापुरती उरली, आणि मोलकरीण तर न येण्यापुरतीच. कामाची बाई का आली नाही, तिच्या घरी त्या दिवशी काय बिघडले होते, हे विचारावयास या लेखांत कोणास सवड नसते.

ही सवड ज्या पुस्तकास आहे ते विनोदी वाङ्मयाच्या यादीत सहसा धरले जात नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडामुळे घरच्या माणसांचे झालेले हाल, हातातला पैसा वाटेत कोणा गरजवंतास देऊन मोकळे होणारे पती, आणि मग पाहुणा दारात असताना रिकाम्या डब्यांशी चाललेली झुंज! वस्तुतः हे सारे घरगुती फजितीचेच साहित्य आहे. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात. परंतु हसणारी बाई आणि निस्तरणारी बाई येथे एकच आहे. म्हणून त्या हसण्यात कोठेही उसनेपणा लागत नाही. गृहस्थांनी लिहिलेल्या शंभर लेखांत जे सापडत नाही ते यात सापडते.

आता एका ठराविक फजितीकडे वळू. भाद्रपदाच्या आसपास निघणाऱ्या अंकांत गणपती घरी आणण्याची फजिती हा ठरलेला विषय असतो. मूर्ती ताम्हनात घेऊन गृहस्थ निघतात, पाऊस कोसळतो, छत्री उलटी होते, उंबऱ्यावर ठेच लागते आणि मूर्तीचे एक बोट दुखावते. घरात हाहाकार होतो. भग्न मूर्ती पूजेस चालत नाही, म्हणून भटजींस विचारणे होते, आणि अखेर रात्री धावतपळत कारखाना गाठला जातो. मूर्तिकार बोट जोडून देतो, सारे हुश्श करतात व लेख संपतो. या लेखातील मूर्तिकार रात्री दहा वाजता जागा का होता, असा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो.

त्याचे उत्तर पेण तालुक्यातील जोहे गावी मिळते. पनवेल-रोहा लोहमार्गावरील हमरापूरच्या लगतचे हे गाव. पेण शहराची मूर्तिकला जुनी व नामांकित. तिचा विस्तार होत होत हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घरोघर कारखाने झाले. येथून रंगविलेल्या मूर्ती जातात, तशाच न रंगविलेल्या कच्च्या मूर्तीही गावोगाव रवाना होतात. साच्यातून काढणे, जोड घासणे, रंग देणे, डोळ्यांची आखणी करणे, या कामांत घरची बायकामाणसे गुंतलेली असतात. ज्या पडवीत मूर्ती वाळतात तिच्यापासून चूल दूर नसते. अशा घरात ‘घरगुती अपघात’ आणि ‘धंद्यातील नुकसान’ असे दोन वेगळे शब्द वापरता येत नाहीत. कौल सरकून पाणी ठिबकले, मूल धावताना ओल्या रंगास हात लागला, वीज गेली व रंगाचा फवारा थांबला, तर ती फजिती नव्हे. तो कर्जाच्या हप्त्याशी येणारा संबंध आहे. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत सावकाश वाळते आणि घाईने वाळवू गेल्यास तडकते. प्लास्टरची लवकर घट्ट होते, परंतु तिच्याविषयीचे सरकारी नियम आणि न्यायालयीन निर्णय अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले. २०२० साली महासाथीमुळे घरगुती मूर्ती दोन फुटांची व सार्वजनिक मूर्ती चार फुटांची असावी, असा राज्य शासनाने निर्बंध घातला, तेव्हा मोठ्या मूर्ती करून ठेवणाऱ्यांवर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आणि हंगामाच्या अखेरच्या दिवसांत या घरांना रविवारच नसतो. ज्या सुट्टीवर आमचा सारा विनोद उभा आहे, तीच तेथे नाही.

यावर कोणी म्हणेल की, विनोदी लेखकाने सर्वांच्या दुःखाचा भार वाहावा काय? हसू आणणे हे त्याचे काम; ते त्यास करू द्यावे. हा आक्षेप रास्त आहे. आम्ही फजितीच्या लेखात अश्रू मागत नाही. उपदेश तर मुळीच मागत नाही. जोहे गावी लोक हसत नाहीत असेही आमचे म्हणणे नाही. रात्र जागविणाऱ्या घरात थट्टामस्करी अधिकच चालते, हे कोणासही ठाऊक आहे. आमचे मागणे लहान आहे. मारियाकाकूंचे ते एक बोलणे जसे जेरोमने ठेवले, काऊचा हिशेब जसा चिं. वि. जोशींनी ठेवला, तसे निस्तरणाऱ्याचे एखादे वाक्य लेखकाने ठेवावे. तुटलेले बोट जोडून देणाऱ्याने गृहस्थांकडे पाहून काय म्हटले असेल? ते वाक्य बहुधा लेखातील सर्वांत विनोदी वाक्य ठरेल. कारण आपली फजिती दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाहिल्यावाचून ती पुरती दिसतच नाही.

कच्च्या मूर्तीचे बोट जोडता येते, रंग पुन्हा देता येतो. प्रतिष्ठा झालेली मूर्ती भंगली तर मात्र इलाज नसतो. घरातील बिघाडांचेही असेच दोन वर्ग आहेत. फजितीचा लेख पहिल्या वर्गापुरताच आहे, आणि त्यातच त्याचा निरोगीपणा आहे: जे दुरुस्त होऊ शकते त्यास हसावे. मात्र ते आपोआप दुरुस्त होत नाही, कोणाच्या तरी हातांनी होते, एवढे भान ज्या लेखकास राहील त्याचे लेख पुढील पिढीही वाचील. तसे लिहिणारी एक कारकीर्द मराठीत होऊन गेली आहे. येत्या दिवाळीच्या अंकांत तिचा वारसा कोणी चालवीत असल्यास आम्ही त्यांचे आनंदाने स्वागत करू.