९२ टक्क्यांचा पेपर कसा वाचायचा?

स्त्रियांमधल्या संसर्गजन्य आजारांवर संशोधन करायचं मनात असेल तर एक पेपर आधी वाचा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली आलेला. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास. अवघी चार पानं आहेत, पण नीट वाचायला मला आठवडा लागला.

या पेपरचा एकच आकडा सगळीकडे फिरतो: ९२ टक्के. 'खेड्यातल्या ९२ टक्के बायकांना संसर्ग असतो' असं सर्रास लिहिलं जातं. इथे दोन चुका होतात. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता. एकूण आजारांत संसर्गाचा वाटा निम्मा. म्हणजे हा आकडा संसर्गाचा नाहीच. दुसरं, दोन गावं म्हणजे भारत नव्हे. दोष इथे आकडा उचलणाऱ्यांचा आहे.

मग पेपरचं खरं बळ कशात? अमेरिकेत प्रसूती-स्त्रीरोगातल्या संसर्गांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची स्वतंत्र संस्था आहे. असं तज्ज्ञांचं ज्ञान बरंचसं दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर उभं असतं. पण जी कधी आलीच नाही तिचं काय? या ६५० जणींपैकी फक्त ८ टक्के स्त्रियांची आधी कधीतरी अशी तपासणी झाली होती. बंग यांनी सुरुवात गावातून केली, दवाखान्यातून नाही.

आता एक छोटं गणित करा. ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती आणि आजार ९२ टक्क्यांना होता. ९२ अधिक ४५ वजा १००. म्हणजे किमान ३७ टक्के, सुमारे २४० स्त्रिया, तक्रार नसतानाही आजारी होत्या. माझ्या मते हा आकडा ९२ पेक्षा महत्त्वाचा आहे.

मर्यादाही बघा. अभ्यास एकाच वेळचा आहे. स्त्रियांनी वापरायची गर्भनिरोधक साधनं आणि आजार यांचा संबंध दिसला, पण आधी काय आणि नंतर काय, हे अशा अभ्यासातून कळत नाही. त्या संबंधातून आजारांचा थोडाच भाग स्पष्ट होतो, हे लेखकांनी स्वतःच सांगितलंय. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

हे सगळं का सांगतेय? माझ्या पहिल्या प्रश्नावलीत एकच प्रश्न होता: 'अंगावरून पांढरं जातं का? हो/नाही.' 'नाही' म्हटलं की पुढची तपासणी रद्द. गाईडनी विचारलं, "नाही म्हणणारी निरोगी असते, हे तू कशावरून ठरवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी हा पेपर उघडला आणि प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली.

तुम्ही तुमची लिहायच्या आधीच वाचा.