‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बचावपक्ष आणि विधिसाहाय्याचा प्रश्न

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा बहुधा मध्यमवर्गीय नीतिमत्तेतील दांभिकता आणि लीला बेणारेची शोकांतिका या दोन अंगांनी झाली आहे. ती यथार्थच होय. तथापि तीत न्यायालयाच्या रचनेकडे केवळ एक नाट्यक्लृप्ती म्हणून पाहिले जाते व बचावपक्षाचे चित्रण अलक्षित राहते.

अभिरूप न्यायालयाच्या खेळापूर्वी, नवख्या सामंताला न्यायालयाची रीत कळावी म्हणून मंडळी एक लुटुपुटीचा खटला उभा करतात आणि बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. या न्यायालयात बाह्यतः कशाचीच उणीव नाही. न्यायाधीश आहेत, साक्षीदार आहेत, आरोपीला वकीलही आहे. मात्र फिर्यादपक्षाचे वकील सुखात्मे हेच आरोपीचेही वकील आहेत. जागा बदलताच त्यांचा त्वेष मावळतो. बचावाचे साक्षीदार पुकारले जातात, प्रा. दामल्यांसह ते सारे गैरहजर ठरतात आणि बचाव संपतो. पुढे आरोपीचा हा वकील आरोप खोडून न काढता दयेची याचना तेवढी करतो. स्वतः आरोपीच्या वाट्याला बोलण्यासाठी दहा सेकंद येतात.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा खेळ आहे, खऱ्या न्यायालयात असे घडत नाही. एकाच व्यक्तीने दोन्ही पक्ष चालविणे घडत नाही, हे खरे. परंतु वकील असूनही बचाव नसणे घडते. ‘बशिरा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या खटल्यात देहान्ताची शिक्षा झालेल्या आरोपीला सुनावणीच्या दिवशीच वकील नेमून देण्यात आला होता. तयारीस पुरेसा अवधी न मिळाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती दोषसिद्धी रद्द केली. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ अन्वये मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे निदेशक तत्त्व झाले, आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ पासून अमलात आला. तरीही २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील एका देहान्त शिक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तोच दोष आढळला. अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलास किमान दहा वर्षांचा अनुभव असावा व तयारीस निदान सात दिवस मिळावेत, असे न्यायालयाला सांगावे लागले.

बेणारे निर्धन नाही, ती शिक्षिका आहे. म्हणून विधिसाहाय्याच्या चर्चेत तिचे उदाहरण अप्रस्तुत वाटेल. परंतु उपरोक्त अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळू शकते. म्हणजे आज तिच्यावर खरा खटला झाला असता, तर पात्रतेची अडचण आली नसती. अडचण तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलाची असती.

तेंडुलकरांनी विधिसाहाय्यावर नाटक लिहिलेले नाही, आणि सुखात्म्यांचा दोष द्विधा निष्ठेचा आहे, अपुऱ्या अवधीचा नव्हे. हा भेद मान्य करूनही परिणाम एकच राहतो : नोंदवहीत वकिलाचे नाव चढते आणि आरोपी एकाकीच उरतो. विधिसाहाय्याचे मूल्यमापन किती जणांना वकील दिले या संख्येवरून करणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे. कारण त्या मोजणीत बेणारेलाही साहाय्य मिळाले असेच नोंदले जाईल.