निर्णयसागरी वळण

आमच्या भिवापूरच्या घरी अमरकोशाची, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशाची, निर्णयसागर छापखान्याची प्रत आहे. कागद पिवळा पडला, कडा हात लावताच तुटतात. अक्षर मात्र अजून काळंभोर. शब्द शोधायला पान उघडावं आणि शब्द राहून जावा, अशी ती छपाई.

आधी 'र' बघा. वरची गोलाई भरदार, आणि तिच्यातून सुटणारा तिरपा पाय मात्र एकदम बारीक होऊन उतरतो. देवनागरीचा बोरू तिरका कापलेला असतो. एका तिरक्या दिशेनं तो जाड उमटतो, दुसरीनं बारीक. निर्णयसागरचे कारागीर राणोजी रावजी आरू यांनी खिळे ओतण्यासाठीचे पोलादी पंच कोरताना बोरूची ही सवय मोडू दिली नाही. कानशीनं घासून काढलेल्या धातूत लेखणीचा दाब जाणवावा, याला काय म्हणावं!

मग शिरोरेषा. रोमन पुस्तकी टाइपात सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांच्या छोट्या रेघा, नजरेला ओळीवर धरून ठेवतात असं म्हणतात. आपल्याकडे ते काम शिरोरेषेचं. पण छापील शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची असते. प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर तिचा एक तुकडा, आणि जुळाऱ्यानं खिळे शेजारी बसवले की तुकड्याला तुकडा भिडायला हवा. ओतकाम जरा वरखाली झालं की शब्दाच्या डोक्यावर पायऱ्या दिसू लागतात. आमच्या प्रतीत हे सांधे शोधायला भिंग घ्यावं लागतं. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजींनी आधी खिळ्यांची ओतशाळा काढली, १८६४ साली. छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये. शिरोरेषेवरून नजर फिरवली की हा क्रम पटतो.

खरी कसोटी जोडाक्षरांची. संस्कृत छापायचं म्हणजे 'ट्ट', 'द्ध', 'ह्म' यांची उतरंड आलीच. 'ट्ट'मधला खालचा 'ट' आकारानं लहान, तरी त्याची रेघ वरच्याइतकीच ठसठशीत. नुसता आकार आटवला असता तर तो फिका पडून लोंबल्यासारखा दिसला असता. 'द्ध'च्या पोटातली पोकळीही मोकळी ठेवली आहे. शाई पसरली तरी ती बुजत नाही. एवढ्याशा जागेत कुठं भरायचं आणि कुठं सोडायचं, हे ज्याला कळलं तो कारागीर मोठाच.

वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात हे अक्षर मला जड वाटेल, हेही सांगायला हवं. त्याला रुंद ओळ लागते, ओळींमध्ये ऐसपैस जागा लागते आणि सावकाश वाचणारा लागतो. पोथीवाचनाची सवय असलेल्या वाचकाला ही गती नवी नव्हती.

'ल' आणि 'श' यांचं वळण आपलं, मुंबईकडचं. १८८६ पासून 'काव्यमाला' या ग्रंथमालेतून संस्कृत काव्यनाटकं याच छापखान्यातून निघू लागली आणि मराठीचा गंध नसलेल्या पंडितांनीही कालिदास आपल्या 'ल'मधून वाचला.