वकिलाच्या भिंतीवरचा दोमिए

जुन्या फ्रेंच व्यंगचित्रांच्या प्रती काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीला लावायचा शौक जगभर आहे. त्यात ओनोरे दोमिएची वकिलांवरची चित्रं फार. आणि गंमत अशी, की ती टांगतात वकीलच!

दोमिए पोरवयात पॅरिसला बेलिफाच्या ऑफिसात निरोप्या होता. १८३१ साली त्यानं राजा लुई फिलिपला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवलं, १८३२ मध्ये तुरुंगात गेला. १८३५ च्या कायद्यानं राजकीय चित्रांवर सेन्सॉर बसवलं. मग १८४५ ते १८४८ या काळात ‘ल शारिवारी’ दैनिकात त्याची वकील-न्यायाधीशांची मालिका आली.

एका चित्रात अशील खटला हरलंय, आणि वकील समजूत काढतोय, की हरलात खरं, पण माझं भाषण ऐकायला मजा आली असेल की! ही ओळ चित्राखाली छापलेली. फ्रेम करताना बऱ्याचदा नेमकी तीच माउंटखाली जाते. राहिली तरी फ्रेंच, इथं कोण वाचणार? मग उरतं काय? काळा झगा, रुबाब. म्हणजे वकिलाची जाहिरातच झाली ना!

नेकनूरहून बांधाच्या वादापायी बीडच्या कोर्टात तारखा केलेल्या माणसाला ती ओळ मराठीत ऐकवा. हसेल, आणि हसता हसता गप्प होईल. चित्र त्याच्या बाजूचं आहे. त्याला बाकावर बसवून ते त्याच्या डोक्यावर शोभेला टांगणं आम्हाला खटकतं.

लावू नका, असं आम्ही म्हणत नाही. खाली मराठीत ओळ लिहा, ठळक. आणि अशिलाला वाचू द्या, फी घ्यायच्या आधी.